‘माका’ आणि ‘मला’ मोजायचं कसं?

भाषा-साहित्य संशोधन : वाचकांचे प्रश्न

इंग्रजी साहित्य, संस्कृती-अभ्यास आणि भाषाविज्ञान या विषयांत संशोधन करणाऱ्यांना आम्ही गेल्या अंकात प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. पत्रं मुख्यतः रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आली. ‘एखादा चांगला विषय सुचवा’ अशी पत्रं बाजूला ठेवली आहेत. उसना विषय दोन महिन्यांत अंगावर येतो. काहीतरी हातात घेऊन अडलेल्यांचे प्रश्न खाली दिले आहेत.

प्रश्न : एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘मालवणी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास’ असं शीर्षक दिलं. मार्गदर्शक म्हणाले, फार मोठं आहे, लहान करा. लहान म्हणजे किती? आणि रेकॉर्डिंग फोनवर केलं तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, कुडाळ)

मार्गदर्शकांचं खरं आहे. भाषावैज्ञानिक अ. मा. घाटगे यांचं ‘कुडाळी’ (म्हणजे कुडाळकडची मालवणी) हे पुस्तक १९६५ सालचं. मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतलं ते एक. तुमच्या शीर्षकाने त्याच वाटेवर पुन्हा चालावं लागेल, आणि सहा महिन्यांत तुम्ही घाटग्यांच्या मागेच राहाल. त्यापेक्षा ते पुस्तक आधी वाचा, एक रूप उचला आणि साठ वर्षांत त्याचं काय झालं ते आज कुडाळात ऐका. लहान म्हणजे इतकं लहान.

रूप निवडताना तीन गोष्टी बघायच्या. ते बोलण्यात वारंवार यायला हवं, त्याचे दोन पर्याय असावेत आणि दोन्हींचा अर्थ एकच असावा. ‘माका/मला’ ही जोडी तिन्हींत बसते. ‘जातलंय/जाईन’ ही भविष्यकाळाची जोडी जास्त गंमतीची आहे, पण फसवते. माणसं आठवणी सांगायला बसली की सगळं भूतकाळात बोलतात आणि तासभराच्या ध्वनिफितीत भविष्यकाळ चारदासुद्धा येत नाही. ती घ्यायची असेल तर ‘औंदाच्या जत्रेक काय काय करतलास?’ असे प्रश्न मुद्दाम पेरावे लागतील. ‘आंबो/आंबा’ ही जोडी डोळ्यांत भरते, पण तिच्यातही खाच आहे. प्रत्यय लागला की फरक शेवटच्या अक्षरावर जातो, ‘आंब्याक’ आणि ‘आंब्याला’. मधलं ‘आंब्या’ दोन्हीकडे सारखंच. म्हणजे ‘ओ’ की ‘आ’ हे फक्त प्रत्यय नसलेल्या पुल्लिंगी एकवचनात मोजता येतं. हे लक्षात न घेता सगळे ‘आंबे’ मोजले तर आकडा वाया जातो.

मोजणीचा पहिला नियम अमेरिकी समाजभाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांच्या परंपरेतला आहे आणि तो मोडला तर परीक्षक पुढचं वाचत नाही. एक रूप किती वेळा आलं एवढं सांगून भागत नाही. ते जिथे जिथे येऊ शकलं असतं त्या सगळ्या जागा मोजायच्या. ‘माका’ नव्वद वेळा आलं, हे काहीच सांगत नाही. ‘मला’ दहा वेळा आलं असेल तर चित्र एक आणि दोनशे वेळा आलं असेल तर वेगळंच. उद्धृत बोलणं मात्र वेगळं टाका. ‘सायबान सांगल्यान, मला कागद द्या’ यातलं ‘मला’ साहेबाचं आहे, सांगणाऱ्या काकींचं नाही. गाणी, म्हणी, देवाला घातलेली गाऱ्हाणी हीसुद्धा वेगळ्या रकान्यात.

माणसं किती? एम.ए.साठी बारा पुरेत. वयाचे तीन गट, प्रत्येकात दोन बाया आणि दोन पुरुष, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटं. पण बाराही एकाच गावचे आणि शक्यतो एकाच समाजाचे घ्या. चार कुडाळचे, चार देवगडचे, चार वेंगुर्ल्याचे असे घेतलेत तर फरक वयामुळे पडला की गावामुळे, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जुन्या बोलीअभ्यासात कधीच गाव न सोडलेला म्हातारा पुरुष आदर्श मानत. कोकणात तो शोधायला जाल तर शोधतच राहाल. इथल्या घराघरातला पुरुष कधी ना कधी मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होता, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक जण परत आले ते निम्मी मुंबई तोंडात घेऊन. त्यांना गाळू नका. प्रत्येकाची मुंबईत काढलेली वर्षं लिहून घ्या आणि वयाशेजारी तो रकाना ठेवा. कदाचित खरा फरक तिथेच निघेल. गावात राहून शेती सांभाळलेल्या त्याच वयाच्या बाया या पुरुषांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या असतात.

मग माणूस बोलता कसा करायचा? कॉलेजची मुलगी माइक लावून समोर बसली की समोरचा पुस्तकी मराठी काढतो. याला लबॉव यांनी निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं आहे. कोणी लक्ष ठेवून नसताना माणसं कशी बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला लक्षच ठेवावं लागतं. उपाय साधे आहेत. प्रश्न मालवणीतच विचारा. एकट्याला बसवू नका, शेजारीण किंवा जाऊ सोबत असू दे. दोघी एकमेकींशी बोलू लागल्या की तुम्ही गप्प बसा. जिवावर बेतलेला प्रसंग विचारावा, असं लबॉव सुचवतात. तुमच्याकडे त्यासाठी २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ आहे. पत्रे उडाल्याचं सांगताना कोणी व्याकरण सांभाळत नाही. पहिली दहा मिनिटं मोजणीत धरू नका, किंवा वेगळी धरा.

आता फोन. चालेल, पण ॲप वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता, साठवणारं हवं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो ठेवलंत तर मिनिटाला सुमारे ५ एमबी, तासाला ३२० एमबीच्या आत जागा लागते. फोनचे नेहमीचे रेकॉर्डर एमफोरए फाइल देतात. ‘प्रात’ हे ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर ती उघडत नाही आणि दाबताना गेलेला आवाज परत येत नाही. ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून कधीही पाठवू नका. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक घ्या आणि तोंडापासून वीतभर खाली लावा. बाईंच्या मंगळसूत्रावर तो घासत नाही ना, हे आधी बघा. ती खरखर नंतर काढता येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करायला सांगा, तीस सेकंदांची चाचणी घेऊन हेडफोनने ऐका. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या पडवीत रेकॉर्डिंग ठेवू नका. ऐकताना आपला कान पाऊस गाळतो, माइक गाळत नाही.

फाइलचं नाव जागच्या जागी द्या: गाव, व्यक्ती क्रमांक, तारीख. त्याच रात्री दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. लिप्यंतरासाठी, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढायला, नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेचं ‘एलान’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात ध्वनीच्या पट्टीखाली ओळी टाकता येतात आणि प्रत्येक ‘माका’ला खूण करता येते. तासभराच्या ध्वनिफितीचं पूर्ण लिप्यंतर करायला सवय असलेल्यालाही आठ-दहा तास लागतात. तुम्हाला सुरुवातीला जास्त लागतील. बारा जणांचे सात-आठ तास म्हणजे नुसतं टंकन महिनाभर. म्हणून सगळं लिहू नका: ‘माका/मला’ असलेली वाक्यं आणि त्यांच्या मागचं-पुढचं एकेक वाक्य लिहा, बाकीच्या भागात दोन शब्दांत विषय टिपा. ‘प्रात’ची गरज तुम्हाला नाही. स्वर किंवा ‘च’चे उच्चार मोजायचे असतील तेव्हा ते उघडावं, तेव्हा फॉर्मंटची (स्वर ओळखू येतो त्या ठळक कंपनांची) वरची मर्यादा बायांसाठी ५५००, पुरुषांसाठी ५००० हर्ट्झ धरतात. एकच आकडा सगळ्यांना लावला की बायांचे स्वर चुकीच्या जागी पडतात.

राहिली संमती. छापील फॉर्म पुढे केला तर कोकणातला म्हातारा सही करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. कागदावर सही म्हटली की त्याला सातबारा आठवतो. काय रेकॉर्ड करणार, कोण ऐकणार, नाव येणार नाही, मध्येच थांबवता येईल, नको वाटलं तर पुसून टाकू, हे मालवणीत वाचून दाखवा आणि त्याचा होकार ध्वनिफितीतच घ्या. विद्यापीठाला कागद लागत असेल तर ध्वनिफितीतल्या संमतीची नोंद त्यावर तुम्ही स्वतः करा.

प्रश्न : मालवणी मराठीची बोली की कोकणीची? प्रबंधात काय लिहू? दोन परीक्षक दोन्हीकडून ओढतात. (सावंतवाडी)

दोन्हीकडे पुरावा आहे, म्हणूनच ओढाताण आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणी हीच मराठीची बोली धरली आहे आणि कुडाळी त्या कोकणीच्या पोटात घातली आहे. घाटगे यांचं ‘कुडाळी’ मराठी बोलींच्या मालेत निघालं. मधल्या काळात, १९४२ साली, सु. मं. कत्रे यांनी कोकणीच्या घडणीवरच्या पुस्तकात कोकणीला स्वतंत्र मानलं. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. जनगणना ‘मालवणी’ अशी नोंद कोकणीखाली मोजते. मालवणी नाटक मात्र मराठी रंगभूमीवर मराठी नाटक म्हणूनच चालतं.

या वादाचा निकाल भाषाविज्ञान लावत नाही. ‘माका’ची सीमारेषा एका खाडीला थांबते, पुल्लिंगी ‘ओ’ची दुसऱ्या, क्रियापदाची तिसऱ्या, सगळ्या रेषा एका जागी जुळल्या असत्या तर वाद उरलाच नसता. प्रबंधात लिहा : ‘कुडाळ तालुक्यातल्या अमुक गावी बोलणारे जिला मालवणी म्हणतात ती’. वर्गीकरणाचा इतिहास एका परिच्छेदात उरका. तुमचा प्रश्न वर्गीकरणाचा नसेल तर ती लढाई अंगावर घेऊ नका.

प्रश्न : इंग्रजी निबंधात मालवणी वाक्य उद्धृत करायचं तर नुसतं भाषांतर चालेल का? (कणकवली)

नाही. भाषाविज्ञानात तीन ओळी लागतात : मूळ वाक्य, त्याखाली तुकड्या-तुकड्याचा अर्थ, त्याखाली मुक्त भाषांतर. याची सर्वमान्य पद्धत लाइपझिग नियमांत दिली आहे. उदाहरणार्थ ‘माका आंब-ओ होय-ओ’ या वाक्याखाली येईल ‘मी.ला आंबा-पुं.एक हवं-पुं.एक’ आणि त्याखाली ‘मला आंबा हवा’. वरच्या ओळीत जितक्या आडव्या रेघा तितक्याच खालच्या ओळीत हव्यात. नवशिक्यांची हीच चूक सर्वांत जास्त. ‘आंबो’ हा अख्खा शब्द ‘आंबा’ म्हणून टाकलात तर नामाचा ‘ओ’ आणि ‘होयो’तला ‘ओ’ एकमेकांशी जुळतात, हे वाचणाऱ्याला दिसणारच नाही, आणि तुम्हाला दाखवायचं तर तेच असतं.

देवनागरीवर फार विसंबूही नका. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतल्या ‘ज’चे उच्चार वेगळे, लेखन एकच. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकून घ्या. आपल्या बोलीपुरती पंचवीस-तीस चिन्हं आठवड्यात हाताखाली येतात. तोवर दंत्य ‘च, ज, झ’ खाली नुक्ता (टिंब) द्या आणि आपण काय केलं ते पहिल्या पानावर सांगा.

प्रश्न : वसाहतोत्तर दृष्टीने एका भारतीय इंग्रजी कादंबरीवर लिहायचं आहे. शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) पाहिलं तर याच लेखकावर ढीगभर प्रबंध! आता नवीन काय करू? (रत्नागिरी)

कादंबरी तीच राहू दे, पण तिच्यासमोर ठेवायचा कागद बदला. रत्नागिरीत बसून तुम्हाला सहज जमेल असं एक उदाहरण घेऊ. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीचा मोठा भाग रत्नागिरीत घडतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८५ मध्ये पदच्युत केल्यावर इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. कादंबरीतल्या या राजावर ‘निर्वासन आणि अस्मिता’ असं शंभरदा लिहून झालं आहे. राजा डोंगरावरून दुर्बिणीने बंदर न्याहाळत बसतो, तिथे मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. हल्ली इंग्रजी साहित्याभ्यासात समुद्राकडे पाहणारी एक शाखा जोरात आहे : समुद्र, बंदर, कस्टम हाउस, जहाजाचं वेळापत्रक यांतून सत्ता कशी चालली ते वाचायचं. इझाबेल हॉफमायर यांनी यासाठी ‘हायड्रोकलोनिअलिझम’ हा शब्द रूढ केला आणि २०२२ मध्ये कस्टम हाउसवरच पुस्तक लिहिलं. ते वाचा, मांडणीला कणा मिळेल.

मग कामाची रीत अशी. कादंबरीतले बंदर, पडाव, पावसाळा, आगबोट यांचे सगळे उतारे काढा. ते वीस-पंचवीसच्या वर गेले तर पाच निवडा. शेजारी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड ठेवा : रत्नागिरी आणि सावंतवाडी, १८८०, नेटवर पूर्ण मिळतो. त्यातला बंदरं आणि व्यापाराचा भाग हा नुसता ‘संदर्भ’ म्हणून वाचू नका, तोही एक रचलेला मजकूर आहे. तो कोणासाठी लिहिला, काय मोजलं, काय मोजलंच नाही, खारवी आणि भंडारी या समाजांसाठी कोणती विशेषणं वापरली, हे बघा. तिसरा कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मिळेल, राजकीय खात्याच्या फायलींत. तिथे जाण्याआधी महाविद्यालयाचं पत्र घ्या. नोंदवहीतून साल, खंड आणि संकलन क्रमांक असे तिन्ही टिपा, कारण नुसत्या सालावर पुन्हा तोच कागद सापडत नाही.

एक सापळा मात्र टाळा. आजचा थिबा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. कादंबरीतला रत्नागिरीचा मुख्य काळ त्याआधीचा आहे आणि त्यातला राजा राहतो त्या घराचं नावही वेगळं आहे. राजवाड्याचा फोटो लावून ‘कादंबरीतलं स्थळ’ असं खाली लिहिलंत तर परीक्षक पुढचं प्रत्येक विधान संशयाने वाचेल.

संगणकावर शब्द मोजायची जी टूम निघाली आहे, तिचा एका कादंबरीसाठी फारसा उपयोग नाही. शेकडो पुस्तकं एकदम चाळायची असतील तेव्हा ती कामाची.

प्रश्न : आमच्याकडच्या बोलीतले पोर्तुगीज शब्द गोळा केले आहेत, दीडशेच्या वर झाले. पुढे काय? आणि कोर्लईची भाषा म्हणजे बिघडलेली पोर्तुगीज, असं म्हणतात ते खरं का? (एक शिक्षक, रेवदंडा)

आधी यादीला चाळणी लावा. दीडशे शब्द पोर्तुगीजसारखे दिसतात, याचा अर्थ ते पोर्तुगीजमधून आले असा होत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातून (दुसरी आवृत्ती १८५७, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते) शब्द घेतले असतील तर एक गोष्ट तपासा : त्यात शब्दापुढे ‘पी’ हे रोमन अक्षर असतं ते फारसीचं, पोर्तुगीजचं नव्हे. या एका अक्षरापायी याद्या फुगतात.

पुढची चाळणी ध्वनींची. एकच बदल दोन-तीन शब्दांत नेमाने दिसला तर पुरावा पक्का होत जातो. पोर्तुगीजचा अखेरचा नाकातला ‘आंव’ मराठीत ‘आव’ होतो : ‘पांव’चा पाव, ‘लेइलांव’चा लिलाव. आता साबण घ्या. पोर्तुगीजात ‘साबांव’ आहे, म्हणून बरेच जण तो पोर्तुगीज यादीत टाकतात. पण नियमाने त्याचा ‘साबाव’ व्हायला हवा होता. ‘ण’ कुठून आला? अरबी-फारसीत ‘साबून’ आहेच. आमचं मत त्या बाजूने आहे. जोडाक्षर फोडणं ही दुसरी सवय : ‘त्रोंकु’चं तुरुंग, ‘बिसाग्रा’ची बिजागरी. घमेलं, चावी, पगार, बादली, काजू, अननस, कोबी हे टिकणारे शब्द. त्यांतले काजू आणि अननस पोर्तुगीजांनीही ब्राझीलमधल्या लोकांकडून घेतले, म्हणून ‘मूळ’ आणि ‘मार्ग’ असे दोन रकाने करा. हापूसमध्ये अफोन्सो हे नाव आहे. फणस मात्र यादीतून काढा. तो संस्कृत ‘पनस’. पोर्तुगीजांचा फणसासाठीचा ‘जाका’ उलट मलयाळम ‘चक्का’वरून गेला आहे. गोव्याचे भाषाभ्यासक दळगाद यांचं १९१३ चं काम आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर आहे. १९३६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. प्रत्येक शब्द त्यात पाहिल्याशिवाय छापायला देऊ नका. तुमची भर पडेल ती त्यांच्याकडे नसलेल्या शब्दांत : होडीचे भाग, जाळी, ताडी-माडी, चर्चची भांडी. असे पंधरा शब्द मिळाले तरी दीडशेच्या यादीहून मोलाचे.

कोर्लई हे गाव तुमच्यापासून कुंडलिका खाडीच्या पलीकडे, तेव्हा ‘बिघडलेली’ हा शब्द तरी वापरू नका. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती क्रिओल आहे : दोन-तीन भाषांच्या संपर्कातून तयार झालेली आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलली जाणारी पूर्ण भाषा. पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये सोडलं. भाषा मागे राहिली आणि आजही हजाराच्या आसपास लोक ती बोलतात. ती का टिकली याचं उत्तर गावाच्या समाजस्थितीत आहे. भोवती हिंदू गावं, मध्ये एक ख्रिस्ती वस्ती, लग्नं आपल्यातच, आणि पोर्तुगीजांशी संबंध संपलेला. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांच्या १९९६ च्या पुस्तकात तिच्या घडणीचा सविस्तर अभ्यास आहे. त्यातला सर्वांत वाचनीय भाग वाक्यरचनेचा. पोर्तुगीजात क्रियापद कर्माआधी येतं. कोर्लईत ते मराठीसारखं शेवटी सरकलं. शब्द पोर्तुगीज, वाक्याचा साचा आपला. मराठी पोर्तुगीजकडून काय शिकली याच्या याद्या खूप झाल्या. मराठीने कोणाला काय शिकवलं, हे पाहायला रेवदंड्याहून सोयीची जागा नाही.

गावात जाताना कॅमेरा घेऊन रविवारी थेट चर्चच्या दारात उभे राहू नका. पत्रकार आणि संशोधक यांची त्या गावाला चांगलीच ओळख आहे. आधी धर्मगुरू आणि पंचायतीला भेटा, काय करणार ते सांगा आणि गावाला काय हवं ते विचारा. तुम्ही मराठी शिक्षक आहात, म्हणून मुलांसाठी मराठी-नो लिंग चित्रशब्दावली करून देण्याची तयारी दाखवा. ती तुमच्या हातून होण्यासारखी आहे.

प्रश्न : दशावतारावर इंग्रजीत निबंध लिहायचा आहे. लिखित संहिताच नाही, मग विश्लेषण कशाचं करायचं? (प्राध्यापक, वेंगुर्ले)

संहिता नाही हाच तर विषय आहे. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट रंगमंचावर जागच्या जागी बोलतात. म्हणून एका प्रयोगाचं लिप्यंतर करून त्याला ‘नाटकाचा पाठ’ म्हणू नका. त्याच मंडळाचं तेच आख्यान दोन वेगळ्या जत्रांत रेकॉर्ड करा, एक मोठ्या गावची आणि एक लहान वाडीची, आणि दोन्ही रात्रींत काय तसंच राहिलं ते बघा. जे तसंच राहिलं ते साचे, जे बदललं ते नटाचं. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये बाल्कन प्रदेशातल्या गायकांवर लिहिलेलं पुस्तक या मांडणीसाठी अजून उपयोगी आहे, फक्त ते पद्याबद्दल आहे आणि तुमच्याकडे गद्य संवाद आहेत. हा फरक लिहिल्याशिवाय त्यांचं नाव वापरू नका.

दुसरी वाट भाषेची. आडदशावतारात (मुख्य आख्यानाआधीच्या भागात) संकासुर मालवणीत बोलून हशा घेतो. आख्यानातले देव आणि राजे पल्लेदार ग्रांथिक मराठी बोलतात. एका प्रयोगात मालवणी कोणाच्या तोंडी, किती वेळ आणि कोणत्या प्रसंगी येते, हे घड्याळ लावून मोजा. राजा कधी मालवणीवर घसरतो, ती मिनिटं विशेष टिपा. बहुधा प्रेक्षकांतून कोणीतरी काहीतरी ओरडलेलं असतं. म्हणून एक माइक प्रेक्षकांच्या बाजूलाही ठेवा. पायपेटीजवळ ठेवलेल्या माइकला संवाद नीट मिळत नाहीत.

संस्कृती-अभ्यासाच्या दृष्टीने जुनं शुद्ध रूप शोधण्यात वेळ घालवू नये, असं आमचं मत. ‘ट्रिकसीनयुक्त’ (रंगमंचावरच्या चमत्कारदृश्यांच्या) आणि ‘संयुक्त’ (अनेक मंडळांच्या नटांच्या) प्रयोगांच्या जाहिराती, मुंबईतल्या थिएटरांतले खेळ, मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण हे सगळं आजचंच साहित्य आहे आणि त्यावर इंग्रजीत फारच थोडं आहे. एका हंगामातले जाहिरातींचे फलक जमवा आणि त्यांवर आख्यानाचं, नटाचं नि ट्रिकसीनचं नाव कुठल्या आकारात आहे ते मोजा. मंडळाच्या मालकाची परवानगी चित्रीकरणासाठी आणि प्रकाशनासाठी वेगवेगळी घ्या. हे त्यांच्या पोटाचं काम आहे. पूर्ण प्रयोग नेटवर चढवायचा तुम्हाला अधिकार नाही.

प्रश्न : बोली मजकुराचं लिप्यंतर मोबाइलमधल्या एआयकडून करून घेतलं तर वेळ वाचेल ना? (गुहागर)

प्रमाण मराठीवर तयार झालेलं यंत्र ओळखीच्या शब्दाकडे ओढ घेतं. ‘माका’चं ‘मला’ करून देतं, ‘आंबो’चा ‘आंबा’, आणि पान अगदी स्वच्छ दिसतं. म्हणजे जे मोजायचं तेच पुसून मिळतं. मुलाखतीत कुठल्या मिनिटाला कोणता विषय आला एवढं शोधायला वापरा. संदर्भसूची त्याच्याकडून मुळीच करून घेऊ नका. नसलेली पुस्तकं छान नावांनिशी येतात.

प्रश्न : एक नियतकालिक सात दिवसांत छापून देतो म्हणतं, दीड हजार रुपये. आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टरही लिहिला आहे. पाठवू का? (अलिबाग)

नको. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचे इतरांनी किती संदर्भ दिले याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही संस्था काढते. त्यांच्या यादीत नाव नसेल तर मुखपृष्ठावरचा आकडा कोणीही लिहिलेला असू शकतो. सात दिवसांत दोन परीक्षक तुमचा लेख वाचून शेरे लिहीत नाहीत.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा ‘केअरमध्ये आहे’ या जाहिरातीला आता अर्थ नाही. निवड तुम्हाला आणि तुमच्या संस्थेलाच करायची आहे. संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते पाहा. गेल्या दोन अंकांतले चार लेख वाचा. एकाच अंकात मत्स्यशास्त्र, शेक्सपिअर आणि जीएसटी असेल तर पान मिटा. संकेतस्थळाचा पत्ताही नीट बघा, चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकला निघतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी. सादर करण्याआधी लेख छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल तर तो कार्यालयातून लेखी घ्या.

वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या साम्याच्या तपासणीत यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि अवतरणं व संदर्भसूची त्यात धरत नाहीत. पण बोलीचा डेटा देताना एक अडचण येते : लोककथेचे किंवा गाऱ्हाण्याचे छापील पाठ आधीच नेटवर असतील तर तुमचा स्वतः रेकॉर्ड केलेला पाठही ‘साम्य’ म्हणून लाल दिसतो. असे उतारे अवतरणचिन्हांत, ध्वनिफितीच्या क्रमांकासह परिशिष्टात टाका आणि तपासणीच्या वेळी ते परिशिष्ट वगळायला ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवा.